नानांना हसवायचं काम

आमच्या पिंप्राळ्यात व्हिडिओ एडिटिंग शिकवणारा एक क्लास निघाला आहे. त्यांनी मला पाहुणी म्हणून बोलावलं. फळ्यावर विषय लिहून ठेवला होता, 'या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मार्गदर्शन'. शाल दिली, नारळ दिला. ओळख करून देताना सरांनी मला खान्देशातली पहिली महिला एडिटर करून टाकलं. कोणी मोजायला गेलं नव्हतं, त्यामुळे मीही नाही म्हटलं नाही. मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी सांगितलं की जरा थोडक्यात घ्या, मुलांना पुढे लेक्चर आहे. थोडक्यात सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. 'मन लावून काम करा' एवढं बोलले आणि खाली बसले. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

तिथे जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. ते एका माणसाबद्दल आहे. त्याला हसवायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि तोवर तो वारलेला होता.

आधी आमचा धंदा काय होता ते सांगते, कारण आता तो कुठे पाहायलाही मिळायचा नाही. ऐंशीचं दशक संपता संपता आमच्या ह्यांनी फोटोंचा धंदा सांभाळून खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा घेतला. लग्नसराईत आज धुळे, उद्या मुक्ताईनगर, परवा आणखी कुठे, असे हे फिरत राहायचे आणि घरी कॅसेटचा ढीग पडायचा. त्या निवडून, नको ते काढून, गाणी टाकून गिऱ्हाइकाला एक कॅसेट द्यायची. या कामाला आमच्याकडे मिक्सिंग म्हणत. ते करायला माणूस ठेवून पाहिला. तो नवरीपेक्षा करवल्याच जास्त दाखवायचा. शेवटी मी बसले. माझा शिवणक्लास झालेला होता, कापणं आणि जोडणं मला नवीन नव्हतं. बोर्डावर 'शूटिंग व मिक्सिंग' असं लिहून खाली ह्यांचं नाव होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोर्ड रंगवणाऱ्यालाही वाटलं नाही.

दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि मध्ये एक पेटी, एवढंच आमचं यंत्र. एका मशीनवर शूटिंगची कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर नवी कोरी कॅसेट थांबवून धरायची, हवा तो तुकडा आला की दोन्ही बटणं एकदम सोडायची. मशीन सुरू होताना किंचित मागे सरकायचं, म्हणून बटण किंचित आधी सोडायचं. तो 'किंचित' अंगात मुरायला मला एक अख्खी लग्नसराई लागली. मध्येच चूक सापडली तर तिथून पुढचं सगळं परत करायचं. मागे जाऊन एक टाका उसवावा अशी सोय नव्हती. प्रत्येक नकलेत रंग उतरायचा आणि लाल रंग फाकायचा, म्हणजे मूळ कॅसेटमध्ये नवरीच्या कपाळावर असलेलं कुंकू नकलेच्या नकलेत भुवयांपर्यंत आलेलं असे.

उन्हाळ्यात मशीन तापलं की चित्र थरथरायला लागायचं. म्हणून आमच्या घरात पहिला कूलर आला तो मशीनसाठी. त्याचं तोंड व्हीसीआरकडे असायचं. सासूबाईंनी आपली बाज त्या दोघांच्या मध्ये टाकली आणि त्या दिवसापासून माझ्या कामाला कधी नावं ठेवली नाहीत.

गिऱ्हाइकांची समजूत अशी की आम्ही कॅसेटची फीत कात्रीने कापतो. एरंडोलकडचे एक गृहस्थ कॅसेट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, शिंपी उरलेलं कापड देतो तसे आमचे कापलेले तुकडे द्या, आम्ही ते घरी बघू. मी त्यांना मशीन दाखवलं, समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन हो म्हणाले, पण जाताना टेबलाखाली वाकून बघून गेले.

आता पहिला धडा. कॅसेटमध्ये लग्न कोणी बघत नाही, लोक हजेरी घेतात. आपण दिसलो का, कितीदा दिसलो, आणि ज्याच्याशी आपलं पटत नाही तो आपल्यापेक्षा जास्त तर दिसला नाही ना, एवढंच बघायचं असतं. नवरानवरी मधूनमधून आली तरी चालतात. आहेर देणारा प्रत्येक माणूस दिसलाच पाहिजे. एखाद्याचा हात दिसला आणि तोंड राहिलं, तर दोन घरांचं येणंजाणं बंद पडे आणि त्याला कारण मी.

उलट्या तऱ्हेचं गिऱ्हाईकही भेटलं. आमची, म्हणजे आम्हा बौद्धांची लग्नं लवकर आटपतात. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, हार घातले की झालं, आणि मग भाषणं. धुळ्याचे एक निवृत्त साहेब, मुलीचे वडील, ह्यांना बजावून गेले होते की भाषणातला शब्दही कापायचा नाही, भाषण कापणं म्हणजे विचार कापणं. मी काही कापलं नाही. सगळ्या पाहुण्यांचे सगळे विचार कॅसेटमध्ये बसवले. शेवटचं भाषण स्वतः साहेबांचं होतं. ते 'आणि आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो' म्हणाले आणि कॅसेट संपली. साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी दुसरी कॅसेट करायला लावली आणि तिच्यात फक्त मुख्य मुद्दा ठेवला.

तर नाना.

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं मला अजून लग्नात भेटतात. नाना त्या गावातले मोठे शेतकरी. मळा, विहीर, भरलेलं घर, सगळं होतं आणि शब्दाला वजन होतं. त्यांची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. नाना लग्नात रुसायचे. पत्रिका हातात न देता घरात ठेवून गेले, टॉवेल-टोपी द्यायला उशीर झाला, बॅण्ड त्यांच्या अंगावरून पुढे गेला, खुर्ची दुसऱ्या रांगेत आली, कोणतंही कारण त्यांना पुरायचं. मग ते मांडवाबाहेर झाडाखाली जाऊन मांडवाकडे पाठ करून बसायचे. पंगत थांबायची. गावातली चार वजनदार माणसं टॉवेल-टोपी घेऊन समजूत काढायला जायची. बऱ्याच वेळाने नाना उठायचे, मग पंगत बसायची. हा रुसवा लोकांनी विधीतच धरला होता, पत्रिकेत छापायचा तेवढा राहिला होता. ह्यांनी त्या भागातली बरीच लग्नं केली आणि प्रत्येक वेळी नानांचं रुसणं झाडून सगळं घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, बाहेर उजेड चांगला असतो आणि माणूस हलत नाही.

नाना गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या काही दिवस आधी थोरले चिरंजीव सुभाषभाऊ मोटारसायकलवर बांधलेली एक पिशवी घेऊन आमच्याकडे आले. शर्टाची इस्त्री अजून मोडलेली नव्हती. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला ते उभे होते. नातेवाइकांच्या कपाटांतून लग्नाच्या कॅसेट गोळा करून आणल्या होत्या. या सगळ्यांतून नाना काढायचे आणि त्यांची एक कॅसेट करायची. वर्षश्राद्धाला अख्खं गाव जेवायला येणार, जेवणं झाली की ती मांडवात दाखवायची, असा बेत होता.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते ह्यांना सांगत होते, "नाना हसतमुख होते, असं दिसलं पाहिजे."

ह्यांनी जपून विचारलं की ते तसे होते का.

"दिसलं पाहिजे म्हटलं मी," सुभाषभाऊ म्हणाले.

ह्यांनी होकार दिला. बाहेर होकार द्यायचं काम ह्यांचं आणि आत ते निस्तरायचं काम माझं, अशी आमच्या घरात वाटणी होती.

मी एकेक कॅसेट लावायला घेतली. एवढ्या लग्नांत नाना एकदाही हसले नव्हते. हार घालून घेतानाही ते हाराच्या फुलांकडे संशयाने बघत होते. अक्षता टाकताना नेम धरून टाकत होते. एका ठिकाणी दात दिसले म्हणून मी थांबले, तर तिखट लागल्यामुळे तोंड उघडलं होतं. शेवटी एका लग्नात ते उन्हाकडे तोंड करून उभे असलेले सापडले. डोळे बारीक झालेले, ओठ ताणलेले, वरचे दात दिसताहेत. ऊन लागलं की कोणाचंही तोंड असं होतं. मी म्हटलं, हे चालेल.

आता दुसरा धडा, हा नीट ऐका. कॅसेटमधल्या चेहऱ्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो आधीच्या चित्रातून येतो. उन्हाने ताणलेल्या तोंडाच्या आधी मी वरातीत नाचणारी लहान पोरं लावली. झालं, नाना पोरांकडे बघून हसायला लागले. दुसऱ्या एका लग्नात ते रागाने खुर्चीवरून उठून चालले होते. त्याच्याआधी मांडवात येणारी नवरी लावली, की नाना तिच्यासाठी अदबीने उभे राहिले. सगळ्यात भारी काम हाताचं झालं. ताट घेऊन आलेल्या माणसाला नाना हात वर करून 'नको, घेऊन जा' म्हणत होते. तो हात वर गेल्यावर मी चित्र थांबवलं आणि त्याच्याआधी पाया पडणारं जोडपं लावलं. नानांनी भरघोस आशीर्वाद दिला. ते काय बोलत होते हे कळू नये म्हणून सगळ्यावरून सनई सोडली.

झाडाखाली बसल्याचे लांबलचक तुकडे होते. त्यातून नानांचा एकट्याचा, एका बाजूने, जरा शांत दिसणारा चेहरा तेवढा घेतला. त्या तुकड्यांत मध्येच एक बाई आडवी यायची. डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे पाठ. ती आली की नाना झाकले जायचे, म्हणून ती यायच्या आत मी बटण दाबायचे. प्रत्येक तुकड्यात तसंच. शूटिंगमध्ये आडवी येणारी माणसं असतातच, त्यांच्याकडे कोण लक्ष देतं.

हे येऊन शेजारी बसले आणि पूर्ण कॅसेट बघितली. म्हणाले, "गेलेल्या माणसाचा स्वभाव बदललास तू." मला ते प्रशस्तिपत्र वाटलं आणि दोन दिवस मी त्याच तोऱ्यात वावरले.

वर्षश्राद्धाला आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. मांडवात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टीव्ही ठेवला होता. दुपारच्या उजेडात चित्र दिसेना, म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या होत्या आणि आत बसलेली माणसं भाजून निघत होती. पुढे पुरुष, मागे बायका. ह्यांनी कॅसेट लावली.

सुरुवातीला मांडवात चुळबुळ झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. वरातीच्या पोरांकडे बघून नाना हसले तेव्हा मागून कोणीतरी खोकलं. मग उभं राहणं आलं, आशीर्वाद आला, सनई वाढली आणि मांडव हळूहळू शांत झाला. पुढच्या रांगेत एक म्हातारे बसले होते. त्यांच्या नातीच्या लग्नात नाना रुसले होते, म्हणून नाना जाईपर्यंत त्यांनी नानांशी बोलणं टाकलं होतं. ते उपरण्याने डोळे पुसत शेजारच्याला म्हणाले की नाना असाच होता, सदा हसरा. शेजाऱ्याने मान हलवली. कॅसेट संपल्यावर जे वक्ते उठले त्यांनी तर नाना किती दिलखुलास होते याच्या आठवणी सांगितल्या. मी शपथेवर सांगते की त्या आठवणी त्यांना माझी कॅसेट बघताना झाल्या होत्या. सुभाषभाऊ हात जोडून उभे होते. पुढे ते निवडून आले. सोसायटीच्या मतदारांनी काय पाहून मत दिलं मला ठाऊक नाही, पण सुभाषभाऊंनी श्रेय कॅसेटला दिलं आणि ह्यांचा हारतुरे घालून सत्कार केला, उत्तम मिक्सिंगबद्दल. हेही संकोच न करता हार घालून घेऊन आले. पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे गेलेल्यांना हसवून घ्यायला गिऱ्हाइकं यायची. एकाने तर जिवंत वडिलांचं काम आणलं होतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मांडव उठत असताना नानांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं. बारीक चणीच्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं आणि विचारलं, "माय, ही कॅसेट तूच करी का?"

मी चकित झाले, कारण सगळे ह्यांचंच कौतुक करत होते. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, सगळे टीव्हीकडे बघत होते आणि तू एकटी लोकांकडे बघत होतीस. ज्या बाईने स्वयंपाक केलेला असतो ती जेवणाऱ्यांकडेच बघते.

मला बरं वाटलं. कौतुक ऐकायला मी तोंड जरा पुढे केलं.

"तिन्हामा बठ्ठा लोके दिसनात," अक्का म्हणाल्या, सगळे लोक दिसले तिच्यात. "मी कोठेच दिसनू नही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कणगीतले दाणे संपले हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी गडबडले. म्हटलं, पुरुषांची आणि बायकांची बसायची जागा वेगळी असते ना, तुम्ही नानांच्या जवळ नसाल, म्हणून आला नसाल.

"मी त्यासना मांगेच व्हतू," त्या म्हणाल्या. नानांच्या मागेच होते मी, प्रत्येक लग्नात.

एवढ्यात सुभाषभाऊंनी त्यांना हाक मारली, पाहुण्यांना निरोप द्यायचा होता. त्या गेल्या.

घरी आल्यावर मी नातेवाइकांच्या कॅसेटची पिशवी परत उघडली. अजून ती नेलेली नव्हती. एक कॅसेट लावली, झाडाखालचा तुकडा काढला आणि या वेळी बटणावरचा हात मांडीवर ठेवला. नाना पाठ करून बसलेत. चार मोठी माणसं येतात, टॉवेल दाखवतात, बोलतात, जातात. नाना ढिम्म. मग ती पदरवाली बाई येते. ती अक्का होती. हातात पाण्याचा तांब्या. नानांच्या समोर उभी राहते, त्यामुळे ते दिसेनासे होतात. ती थोडी वाकून काहीतरी बोलते. बॅण्डच्या आवाजात ते ऐकू येत नाही. ती बाजूला होते, तोवर नाना उठून पायात वहाणा घालायला लागलेले असतात.

दुसरी कॅसेट लावली. तसंच. तिसरीत अक्का आधी नानांपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसून राहतात, मग उठतात, वाकतात, बोलतात, आणि नाना उठतात. चार वजनदार माणसं तोवर परतीच्या वाटेवर असायची आणि नाना मागून येताना दिसले की आपण समजूत काढली अशा थाटात मिशीवरून हात फिरवायची.

मी नानांची कॅसेट केली होती आणि प्रत्येक लग्नात त्यांना उठवणारी बाई तिच्यातून नेमकेपणाने काढून टाकली होती. आडवी येते म्हणून. म्हणून तिसरा धडा असा की बटण दाबायच्या आधी शूटिंग एकदा हात बांधून बघा. आडवा येणारा माणूस कोण आहे, ते विचारा. घरातल्या माणसाला विचारा, कॅमेऱ्यावाल्याला विचारू नका. ह्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ती बाई होय, ती नेहमी चांगला शॉट बिघडवायची.

मी दुसरी कॅसेट करायला घेतली. मोठी नव्हती. त्यात नवरानवरी नव्हती, आहेर नव्हता, सनई नव्हती, बॅण्डचा मूळ आवाज तसाच ठेवला. फक्त नाना रुसतात, अक्का येतात, बोलतात, नाना उठतात. एकामागून एक. अक्कांच्या लुगड्याचे रंग बदलतात, नानांचे केस पांढरे होत जातात, बाकी काही बदलत नाही. मी हे जोडत बसले आणि माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं, ही बाई काय बोलत असेल. आयुष्यभर एका हट्टी माणसाची विनवणी करायची, स्वतः उपाशी बसायचं, आणि चार माणसांनी मिशीवरून हात फिरवायचा. मी मनात तिला शब्दही देऊन टाकले. हात जोडते, माझ्यासाठी उठा, असे काहीतरी.

सुभाषभाऊंना आधी दाखवणं भाग होतं. त्यांनी बघितली आणि त्यांचा चेहरा नानांसारखा झाला. ही बाहेर कोणाला दाखवायची नाही म्हणाले. सगळ्या गावाला कष्टाने हसरे नाना पटवले, त्यावर हे पाणी पडेल. मी म्हटलं, गावासाठी नाही, अक्कांसाठी आहे. ते जरा घुटमळले आणि म्हणाले की मग तुम्हीच येऊन दाखवा, मला बघवणार नाही.

मी एसटीने गेले. दुपारची वेळ, पुरुष शेतात गेलेले. मधल्या खोलीत टीव्ही. अक्का, त्यांच्या थोरल्या सूनबाई आणि मी, एवढ्याच. सूनबाईंनी दार लोटून घेतलं. कॅसेट सुरू झाली आणि झाडाखाली नाना दिसले. अक्कांनी पदर सावरला, जणू ते खरंच समोर बसले होते. मग त्या स्वतः चित्रात आल्या. तरुण होत्या, चालणं झरझर. त्यांनी स्वतःकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि त्या लुगड्याचा रंग किती चांगला होता, असं सूनबाईंना सांगितलं.

पहिलं लग्न झालं, दुसरं झालं. नाना उठताहेत, वहाणा घालताहेत. मला राहवलं नाही. मी विचारलं, अक्का, तुम्ही त्यांना असं काय सांगायच्या? एवढी मोठी माणसं सांगून दमायची, त्यांचं ऐकायचे नाहीत. तुमचं एका वाक्यात कसे ऐकायचे?

अक्कांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "माले भूक लागनी, इतलंच."

नाना जेवल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत, हे घरात ठरलेलं. आणि आपल्यामुळे बायको उपाशी राहावी हे त्या माणसाला सहन व्हायचं नाही. टॉवेल-टोपी, मान, पंगत, कशानेही न हलणारा माणूस तेवढ्या एका वाक्याने उठायचा. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा, की नानांना तुमची भूक बघवत नव्हती आणि तुम्ही त्यांच्यासाठी उपाशी राहायच्या.

तेव्हा अक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दार लोटलेलं आहे ना याची खात्री केली.

"माय, कसानं उपाशी?" त्या म्हणाल्या. "मी ते आचारीजोडे बशीसन आधीच बट्टी खाई लेऊ. तूप टाकीसन. मंग जाऊ त्यासनाकडे."

नाना रुसायला बसले की हे लांबणार हे अक्कांना ठाऊक असायचं. म्हणून त्या आधी मागच्या बाजूला, जिथे आचाऱ्याची चूल असे तिथे जायच्या, गरम बट्टी चुरून वर तूप ओतून घ्यायच्या, निवांत जेवायच्या, तोंड धुवायच्या, तांब्या भरायच्या, आणि मग पदर ओढून नवऱ्यासमोर जाऊन सांगायच्या की भूक लागली. मला जी बाई जमिनीवर उपाशी बसलेली वाटली होती, ती जेवून जरा टेकली होती.

सूनबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. मी विचारलं, नानांना हे कधी कळलं नाही?

अक्कांनी 'नाही' म्हणून मान हलवली. मग त्या परत टीव्हीकडे वळल्या. शेवटचं लग्न लागलं होतं. नानांच्या हातात काठी होती, उठायला वेळ लागत होता, आणि चित्रातल्या अक्कांनी एक हात पुढे केला होता. तो हात धरून ते उभे राहिले. चार मोठी माणसं पुढे चालली होती, त्यांच्या मागे नाना, आणि नानांच्या मागे हातात रिकामा तांब्या घेतलेल्या, पोटभर जेवलेल्या अक्का.

"हाई एवढं पुन्हा लाव," त्या मला म्हणाल्या.

मी कॅसेट मागे घेतली.